मूल घरीच आजारी पडतं, हॉस्पिटलात सगळं नॉर्मल – आत्या म्हणून मी काय करू?

निशिगंध_ऐरोली

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचत असते, पण हा विषय घरात कोणाशी बोलता येत नाहीये म्हणून धागा काढतेय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

माझी भाची सहा वर्षांची. दादा वहिनी कोपरखैरण्याला असतात. गेली दोनेक वर्षं पोर सतत आजारी. आधी उलट्या, मग पोटदुखी, मग झटके येतात म्हणे. रक्त, सोनोग्राफी, एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) सगळं झालंय, सगळं नॉर्मल. तरी झटक्यांची औषधं चालू आहेत, दोनदा डोस वाढवला, आणि त्या औषधांनी पोर दिवसभर पेंगलेली असते, शाळा जवळजवळ सुटलीच. आता नव्या डॉक्टरकडे पोटात नळी घालून खायला द्यायचं का असा विषय निघालाय. नळी! मे महिन्यात वहिनीच्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून ती माहेरी गेली आणि पोर माझ्याकडे राहिली. आमरस पुरी, वरणभात, बोंबील, सगळं जेवली, खाली गार्डनमध्ये माझ्या मुलांबरोबर सायकल चालवली, एक उलटी नाही, झटका नाही. औषधं मी चिठ्ठीप्रमाणे वेळेवर देत होते. वहिनी परत आली आणि दोन दिवसांत पोर ॲडमिट.

वहिनी वाईट नाही हो. पोरीसाठी रात्र रात्र जागते. पण हॉस्पिटलातल्या सगळ्या सिस्टर तिला नावाने ओळखतात, सलाईन लावलेल्या हाताचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतात, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की ती सुटकेचा श्वास टाकत नाही, तिचा चेहराच पडतो. हे मी एकदा नाही, बरेचदा पाहिलंय. नेटवर मंचाउझेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी असं काहीतरी वाचलं, म्हणजे मूल सांभाळणाऱ्यानेच त्याचा आजार खोटा सांगायचा किंवा घडवून आणायचा, आणि झोप उडाली. असं खरंच असतं का? आणि मी पडले नणंद, मी तोंड उघडलं तर घरात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

शुभदा_नौपाडा

निशिगंध, राग मानू नकोस पण वाचून वाईट वाटलं. आई असं करेल? माझा मुलगा लहानपणी दम्याने आजारी असायचा तेव्हा सासरच्यांनी मलाच बोल लावले, हिचंच दूध चांगलं नाही, हिलाच सांभाळता येत नाही. मूल आजारी पडलं की आपल्याकडे पहिलं बोट सुनेकडेच जातं. मामाकडे किंवा आत्याकडे गेल्यावर मुलं खूष असतातच, चार दिवस बरी राहिली म्हणजे आईच आजारी पाडते हे फार झालं.

घोडबंदर_पीडिया

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सविस्तर लिहितो, मोठं होईल.

असं असतं. क्वचित असतं पण असतं, आणि जगातल्या अनेक देशांत सापडलंय. १९७७ साली रॉय मेडो या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलांची हकीगत छापली. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी, लघवीत रक्त आणि पू येतो म्हणून वर्षानुवर्षं तपासण्या, अँटिबायोटिक्स, भूल देऊन आत नळ्या घालून बघणं, सगळं सोसलेली. शेवटी कोणाच्यातरी लक्षात आलं की नर्सने समोर उभं राहून घेतलेला नमुना स्वच्छ असतो आणि आईच्या हाती दिलेली बाटली खराब येते. एवढंच. कुठलंही मोठं मशीन लागलं नाही. दुसरं मूल तान्हं होतं, त्याच्या रक्तात सोडियम वारंवार प्रचंड वाढायचं, हॉस्पिटलात आई नसली की नीट असायचं. ते मूल वाचलं नाही.

आता नाव बदललंय, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत हा फॅक्टिशियस डिसऑर्डर आहे, दुसऱ्यावर लादलेला. ब्रिटनमध्ये फॅब्रिकेटेड ऑर इंड्यूस्ड इलनेस, म्हणजे रचलेला किंवा घडवून आणलेला आजार, म्हणतात. पण आम्हा मुलांच्या डॉक्टरांना आईचं निदान काय यापेक्षा मुलाचं काय होतंय हे आधी बघायचं असतं. आणि इथे लोक एक गोष्ट विसरतात, मुलाला विष वगैरे द्यायलाच लागतं असं नाही. बऱ्याच केसेसमध्ये पालक फक्त सांगतात. रात्री झटका आला, डोळे फिरले, श्वास थांबला. बाकीचं नुकसान आम्ही करतो, आमच्या हाताने. सुया आम्ही टोचतो, औषधं आम्ही वाढवतो, ऑपरेशन आम्ही करतो. आमचं सगळं शिक्षणच आईवर विश्वास ठेवायचं आहे कारण दोन वर्षांचं मूल स्वतः काही सांगू शकत नाही, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा आई बरोबरच असते.

२००३ मध्ये ४५१ छापील केसेसचा एक आढावा आला होता, त्यात लक्षणं सुरू झाल्यापासून खरं कळेपर्यंत सरासरी जवळजवळ २२ महिने गेले होते आणि सुमारे ६ टक्के मुलं दगावली होती. २०१७ च्या दुसऱ्या आढाव्यात ७९६ जणांचा अभ्यास होता, त्यात ९७ टक्क्यांहून जास्त बायका, बहुतेक सख्ख्या आया, आणि जवळपास ४५ टक्के जणींचा कुठल्या ना कुठल्या प्रकारे आरोग्यक्षेत्राशी संबंध. हे आकडे गंभीर आणि पकडल्या गेलेल्या केसेसचे आहेत, त्यावरून शेजारच्या बाईबद्दल मत बनवू नये.

ताई, तुमच्या पोस्टवरून मी निदान करणार नाही, कोणीच करू नये. पण एक विचारतो. झटका स्वतःच्या डोळ्यांनी कोणी कोणी पाहिलाय? वहिनी सोडून.

निशिगंध_ऐरोली

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. तुमचा प्रश्न वाचून मी सुन्न झाले, कारण मला उत्तर माहीत नाही. आईने (माझ्या) एकदा पाहिलं म्हणते, पण नीट विचारलं तर तिने पोर झोपलेली आणि घामाघूम झालेली पाहिली होती. दादाला विचारते.

शुभदाताई, तुमचं बरोबर आहे, म्हणूनच तर इतके महिने गप्प बसले.

सिस्टर_कळवा

मी पीडिया (लहान मुलांच्या) वॉर्डला बरीच वर्षं काढली, आता रिटायर. हॉस्पिटल सांगणार नाही. एक केस सांगते.

दीडेक वर्षाचं बाळ, शी मधून रक्त जातं म्हणून ॲडमिट. आई दिसायला साधी, बोलायला इतकी गोड, आमच्या नाईटला घरून पोहे आणायची, गॉज कापायला मदत करायची, बाजूच्या बेडच्या बायकांना धीर द्यायची. सगळ्या वॉर्डाची लाडकी. लंगोट दर वेळी तीच आणून दाखवायची, सिस्टर बघा पुन्हा रक्त. एके दिवशी मी तो लंगोट हातात घेऊन खिडकीपाशी नेला उजेडात. आतड्याच्या वरच्या भागातून रक्त आलं तर ते शी मध्ये कालवलेलं असतं, काळपट नाहीतर चिकट. हे वर वर होतं, लाल भडक, चार थेंब टिपल्यासारखे, आणि शी एकदम पिवळी चांगली. मग माझी नजर तिच्या हाताकडे गेली, बोटाला चिकटपट्टी. विचारलं तर म्हणाली कांदा चिरताना लागलं. वॉर्डात कुठला कांदा?

मी तिला काही बोलले नाही. डॉक्टर मॅडमना सांगितलं, मॅडमनी लंगोटावरच्या रक्ताचा ग्रुप काढायला पाठवलं, तो बाळाचा नव्हता. त्यानंतर लंगोट बदलायचं काम फक्त सिस्टर करणार असं चार्टवर लिहिलं आणि रक्त बंद. त्याच दिवसापासून. त्या बाळाची तोवर दोनदा भूल देऊन दुर्बीण झाली होती हो, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. पुढे बाल कल्याण समिती, सोशल वर्कर, मानसोपचार सगळं झालं, बाळ आजीकडे गेलं. आई शेवटपर्यंत म्हणत होती की मी काही केलं नाही.

नर्स मंडळी हे वाचत असतील तर एक सांगते. चार्टवर “झटका आला” असं लिहू नका. “आईने सांगितलं की झटका आला, मी पोचले तेव्हा बाळ जागं होतं, नाडी अमुक, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) तमुक” असं लिहा. सांगितलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं. पुढचा डॉक्टर तुमचं वाक्य वाचून औषध वाढवत असतो.

घोडबंदर_पीडिया

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येक इंटर्नला पाठ करायला लावलं पाहिजे.

लॅबचेही असेच मार्ग आहेत. उदाहरण देतो. मुलाची साखर अचानक खूप खाली गेली आणि रक्तात इन्सुलिन जास्त सापडलं, तर सोबत सी-पेप्टाइड बघायचं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सी-पेप्टाइड त्याच्याबरोबर बनतंच, बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही. सोडियमचंही तसंच, पाणी कमी पडून सोडियम वाढलं असेल तर किडनी मीठ धरून ठेवते आणि लघवीत सोडियम कमी येतं, मीठ पोटात गेलेलं असेल तर लघवीतही भरपूर. पण हे नमुने त्या वेळीच घ्यावे लागतात, सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घेतले की पुरावा गेला.

ओजसची_आई_खारघर

मी हा धागा वाचताना थरथरत होते, कारण मी दुसऱ्या बाजूला होते.

माझ्या मुलाला दर महिन्या दोन महिन्यांनी उलट्या आणि सुस्ती यायची, बडबडायचा, चालताना झोकांड्या, आणि हॉस्पिटलात सलाईन लावली की सहा आठ तासांत उठून बसायचा. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मधल्या काळात एकदम ठणठणीत, नातेवाईकांकडे तर काहीच व्हायचं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडमना काउन्सेलिंगची गरज आहे, त्यांना लक्ष हवंय. मी फाईल नीट लावून ठेवते, तारखा लिहून ठेवते, औषधांची नावं मला पाठ आहेत, हेच माझ्या विरुद्ध गेलं. सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. तेव्हा मी काय काय ऐकलं ते इथे लिहिणार नाही.

शेवटी एका रेसिडेंट डॉक्टर मुलीने ॲटॅक चालू असताना रक्तातला अमोनिया बघितला. नमुना बर्फात ठेवून पळत लॅबला न्यावा लागतो तो. प्रचंड वाढलेला. यूरिया सायकलचा आजार निघाला, म्हणजे प्रोटीनपासून बनणारा अमोनिया शरीराला नीट बाहेर टाकता येत नाही, जन्मजात, पुढे जेनेटिक टेस्टने पक्का झाला. प्रोटीन जास्त झालं किंवा ताप आला की ॲटॅक. मामाकडे का व्हायचं नाही, तर तिथे तो वरणभातावर असायचा आणि घरी मी चांगलं पोषण म्हणून अंडी, पनीर, प्रोटीन पावडर मागे लागून लागून द्यायचे. म्हणजे आईजवळ असताना आजारी आणि लांब असताना बरा, अगदी तुमच्या भाचीसारखं, आणि तरी आजार शंभर टक्के खरा होता.

निशिगंध, मी असं म्हणत नाही की तू गप्प बस. पण ॲटॅकच्या वेळी अमोनिया, लॅक्टेट, साखर, ॲसिडोसिस हे सगळं एकदा तरी झालंय का ते बघ आधी. मधल्या काळातले नॉर्मल रिपोर्ट काही सांगत नाहीत.

घोडबंदर_पीडिया

ओजसच्या आई, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. हा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा.

याच कारणाने ब्रिटनच्या बालरोग कॉलेजने २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आरोपाकडे न जाता आधी “कोड्यात टाकणारी केस” म्हणून बघायला सांगितलंय. मुलाला लगेच धोका दिसत नसेल तर आईबापांना समोर बसवून सगळ्या डॉक्टरांचं मिळून एकच मत सांगायचं, एकच डॉक्टर प्रमुख ठेवायचा, आणि मुलाला शाळेत, खेळात परत आणायचा आराखडा करायचा. धोका दिसला तर मात्र चर्चा नाही, थेट बालसंरक्षण. यात तीन वेगळी माणसं असतात आणि तिघी बाहेरून सारख्याच दिसतात. एक घाबरलेली आई, गूगल करून करून हैराण झालेली, तिला नीट समजावलं की ती थांबते. दुसरी खऱ्या दुर्मिळ आजाराच्या मुलाची आई. तिसरी, जिला मूल आजारी असण्याचीच गरज आहे. पहिल्या दोघी नॉर्मल रिपोर्टवर रडतात ते काळजीने. तिसरीचं चित्र असं की एक आजार नाही म्हटलं की आठवड्यात दुसरा तयार.

आणि डॉक्टरांच्या खात्रीचंही सांगतो. ज्या रॉय मेडोंनी हा प्रकार जगासमोर आणला त्यांनीच पुढे आपल्या दोन बाळांच्या खुनाचा आरोप असलेल्या सॅली क्लार्क या आईविरुद्ध कोर्टात सांगितलं की एका घरात दोन बाळं आपोआप अचानक जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. तो हिशोबच चुकीचा होता, संख्याशास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. १९९९ ला शिक्षा, २००३ ला अपिलात सुटली, २००७ ला वारली. त्या बाईने दोन मुलं गमावली आणि वर तुरुंग भोगला. म्हणून मी आईच्या चेहऱ्यावरून काही ठरवत नाही. मुलाच्या अंगावर काय दिसतं आणि ते कोणी पाहिलं, एवढंच धरतो.

वाशी_मेडिकल

दुकान चालवतो वाशीत. आमच्या बाजूने एक. झोपेची, काही फिट्सची औषधं शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत येतात, त्यांचं वेगळं रजिस्टर असतं, पेशंट आणि डॉक्टरचं नाव लिहूनच विकायची आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. पण खरी अडचण ही आहे की आपल्याकडे पेशंटची फाईल पेशंटच्याच पिशवीत असते. एक डॉक्टर ठाण्यात, दुसरा नेरुळला, तिसरा परळला, कोणाला कोणाचं माहीत नाही. पिशवीतून कुठला कागद काढायचा आणि कुठला आत ठेवायचा ते पिशवी धरणाऱ्याच्या हातात. आणि सर्दीचं गुंगी आणणारं सिरप तर लोक चिठ्ठीशिवाय मागतात, “रात्री झोपत नाही हो, द्या थोडं”. मी देत नाही, पुढच्या गल्लीत मिळतं.

ॲड_ठाणेकोर्ट

कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण इथे भावनेच्या भरात कोणीतरी काहीतरी सल्ला देणार.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मुद्दाम शारीरिक मानसिक त्रास होईल असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. आई असली तरी. विष किंवा गुंगीचं औषध देऊन इजा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२३, दहा वर्षांपर्यंत. पण पोलिसात धावण्याआधी बाल कल्याण समिती आहे, प्रत्येक जिल्ह्याला असते, तिला मॅजिस्ट्रेटचे अधिकार आहेत. डॉक्टर, नर्स, हॉस्पिटल, जागरूक नागरिक कोणीही मुलाची बाब तिच्यासमोर नेऊ शकतं, कलम ३१. समिती मुलाला काही काळ आजीकडे, आत्याकडे योग्य व्यक्ती म्हणून ठेवू शकते. तातडी असेल तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत).

आता दोन सूचना, कळकळीने. निशिगंध, तुम्ही तपशील बदललेत ते चांगलं, पण आणखी कमी करा. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे आणि कायद्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती पोर उद्या मोठी होऊन हे वाचेल. दुसरं, मी फॅमिली कोर्टात रोज बघते, ताब्याच्या भांडणात नवरे आणि सासरचे आता हा शब्द नेटवरून उचलून आणतात. “बायको मुलाला उगाच डॉक्टरकडे नेते, ती मंचाउझेन आहे.” अर्जात लिहून आणतात हो! एकाही डॉक्टरचा कागद नसतो. म्हणून हा ठपका घरातल्या कोणी ठेवायचा नाही, नणंदेने नाही, सासूने नाही, नवऱ्यानेही नाही. घरच्यांनी फक्त पाहिलेलं सांगायचं, निष्कर्ष डॉक्टरांच्या टीमने आणि समितीने काढायचा.

शुभदा_नौपाडा

वकील ताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या वेळी हा शब्द कोणाला माहीत नव्हता हे माझं नशीब.

तरी सिस्टरांची केस वाचून मी माझं पहिलं मत थोडं मागे घेते. बाळाच्या लंगोटावर स्वतःचं रक्त... का पण? पैसे मिळत नाहीत, काही नाही. काय मिळतं तिला?

बिननावाचा_सध्या

मी उत्तर देतो शुभदाताई, मुलगा म्हणून.

माझ्या आईने मला मारलं नाही, विष दिलं नाही. मी ठाण्यात वर्तकनगरला वाढलो, माझ्या हृदयात भोक आहे असं मला आणि सगळ्या चाळीला माहीत होतं. पीटीला नाही, क्रिकेट नाही, सहलीला नाही, होळी पाण्याने नाही. दर गुरुवारी कुठल्यातरी डॉक्टरकडे. बाबा गिरणीतून सुटल्यावर बाहेरच असायचे, घरात तिच्याशी दोन वाक्यंही बोलायचे नाहीत. पण मला घेऊन ती दवाखान्यात गेली की डॉक्टर उठून बोलायचे, शेजारणी डबा आणायच्या, मावशा राहायला यायच्या. “किती करते बिचारी” हे वाक्य मी लाखो वेळा ऐकलंय. तिला तेच मिळत होतं. तिला आयुष्यात दुसऱ्या कशासाठी कोणी कधी चांगलं म्हटलं नाही.

नोकरीच्या मेडिकलला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हृदय एकदम नीट. जुने कागद काढले तर तान्हा असताना एक छोटं भोक होतं, ते दोन वर्षांचा असताना आपोआप बंद झाल्याचा रिपोर्ट तिच्याच ट्रंकेत होता. तिला वाचता येत होतं.

मी आता चाळिशीत आहे, जिना चढताना धाप लागली तर अजून हात छातीवर जातो. माझं शरीर माझ्या बाजूने आहे हे मला अजून पटत नाही. लोक म्हणतात काही झालं तर नाही ना. झालं. निशिगंध, तुझ्या भाचीला आत्ताच कोणीतरी सांगायला हवं की ती सायकल चालवू शकते.

ओजसची_आई_खारघर

दादा, काय बोलू. नमस्कार तुम्हाला.

निशिगंध_ऐरोली

सगळ्यांचे प्रतिसाद वाचलेत, काही वाचताना रडले. काल दादाला आमच्याकडे जेवायला बोलावलं, एकट्याला. वकील ताईंनी सांगितल्याप्रमाणे वहिनीबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, तू झटका बघितलायस का रे. तो म्हणाला अर्थात. कधी? मग तो विचार करत बसला. महापेला त्याची शिफ्ट असते, रात्री उशिरा येतो, आला की कळतं आज दुपारी झटका आला. हॉस्पिटलात ॲडमिट असतानाही झटका आला तो सिस्टर जेवायला गेल्या तेव्हा. शाळेत कधीच नाही. फोनमध्ये वाढदिवसाचे, देवळातले, सलाईनचे हजार व्हिडिओ आहेत, झटक्याचा एकही नाही. दादाने ताट तसंच सरकवलं. दोन वर्षं औषध चालू आहे आणि बापाने एकदाही ते पाहिलेलं नाही, ही गोष्ट त्याची त्याला काल कळली.

आता काय करायचं क्रमाने? आणि वहिनीला विचारायचं का थेट?

घोडबंदर_पीडिया

थेट विचारू नका, आत्ता तरी. ती निर्दोष असेल तर घर कायमचं फुटेल, आणि नसेल तर मूल उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या हॉस्पिटलात असेल. जाब विचारल्याबरोबर मुलाला घेऊन निघून जाणं हे या केसेसमध्ये वारंवार दिसतं, आणि तोच काळ मुलासाठी सर्वात धोक्याचा असतो.

दादाने रजा टाकावी. सगळ्या हॉस्पिटलांतून डिस्चार्ज समरी त्याने स्वतः मागवाव्यात, बाप म्हणून त्याचा हक्क आहे, पिशवीतल्या कागदांवर जाऊ नये. मग मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे त्याने स्वतः जावं, परळचं वाडिया किंवा कुठलंही मोठं टीचिंग हॉस्पिटल जिथे मुलांचा मानसोपचार आणि सोशल वर्कर एकाच छताखाली आहेत. एकच वाक्य बोलावं, “झटके फक्त एकाच व्यक्तीने पाहिलेत, मला व्हिडिओ ईईजी करून खात्री करायची आहे.” त्यात मुलाचा व्हिडिओ आणि ईईजी एकाच वेळी चालू ठेवतात. डॉक्टरला एवढं पुरतं, पुढचं तो समजतो. ॲडमिट असताना औषध सिस्टरने द्यायचं, खाणं हॉस्पिटलचं, सोबतीला आळीपाळीने बाप आणि आजी. रक्तातली औषधाची पातळीही बघतील, चिठ्ठीपेक्षा जास्त पोटात जातंय का ते कळतं. आणि ओजसच्या आईने सांगितलेली अमोनिया, लॅक्टेटची यादी आवर्जून, कारण खरा आजार सुटता कामा नये. नळीचं ऑपरेशन तोवर थांबवायचं, बापाच्या सहीशिवाय होऊ द्यायचं नाही.

वहिनीचं विचारलंत. खरंच तसं निघालं तर तिला शिक्षेपेक्षा आधी मानसोपचार लागेल, लांबचा. जी आई केलेलं कबूल करते तिच्याबरोबर काम करता येतं, मूल परत सोपवण्याचा विचारही होऊ शकतो. जी कबूल करत नाही तिच्याजवळ मूल एकटं ठेवणं सुरक्षित नाही, हे कितीही कठोर वाटलं तरी.

घरात आणखी लहान मूल आहे का?

निशिगंध_ऐरोली

हो. आठ महिन्यांचा भाऊ. त्याला गेल्या महिन्यात “दूध पिताना निळा पडतो” म्हणून एकदा नेलं होतं. मला हे लिहितानाच आत्ता क्लिक झालं.

घोडबंदर_पीडिया

मग थांबू नका. इंग्लंडमध्ये १९९७ साली डेव्हिड साउथॉल यांनी छापलेला अभ्यास आहे, संशय असलेल्या ३९ मुलांच्या खोलीत लपवलेले कॅमेरे होते, ३३ जणांच्या बाबतीत छळ टेपवर आला, बहुतेक वेळा श्वास कोंडणं. त्या ३९ मुलांना ४१ भावंडं होती, त्यातली १२ आधीच अचानक गेलेली होती. घाबरवण्यासाठी सांगत नाही. निळं पडण्याला हृदयाची, फुप्फुसाची, ॲसिडिटीची खरी कारणं असतात आणि ती आधी तपासायची. पण दोन्ही मुलं एकाच वेळी, एकाच टीमसमोर जायला हवीत, आणि तोवर बाळाजवळ रात्री दुसरं मोठं माणूस हवं. तुमच्या आईला दादाकडे राहायला पाठवता येईल का? नातवंडांना बघायला आलेय एवढंच सांगून. तुम्हाला शक्य असेल तर तुम्हीही जा. पुन्हा निळा पडला तर मात्र कशाचीच वाट न बघता सरळ इमर्जन्सी, आणि तिथे आधीचा प्रसंग कोणी पाहिला होता ते सांगा.

सिस्टर_कळवा

आजी राहायला गेली तर भांडायला नको, पाळत ठेवल्यासारखं नको. पोरीला गोष्ट सांगायची, बाळाला मांडीवर घ्यायचं, सुनेला जरा झोप म्हणायचं. ती बाई पण थकलेली असेल. आजीने वहीत वेळ लिहायची फक्त, काय पाहिलं तेवढंच.

निशिगंध_ऐरोली

आई आजच संध्याकाळी जातेय, मी पण शनिवारपासून. दादाने रजेचा अर्ज टाकला. पण तो खूप चिडलाय, मगाशी फोनवर म्हणाला, सगळी फिट्सची औषधं आजच कचऱ्यात टाकतो, माझ्या पोरीला उगाच झोपवून ठेवलंय.

घोडबंदर_पीडिया

नाही! त्याला आत्ता लगेच फोन करा. ही औषधं इतके महिने चालू असताना एकदम बंद केली तर ज्या मुलाला आकडी कधीच आली नाही त्यालाही खरी आकडी येऊ शकते. कमी करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू, आठवड्या आठवड्याने. तोवर डोस आजीने स्वतः मोजून द्यावा आणि बाटली आपल्याजवळ ठेवावी. फोन झाला की इथे कळवा, मी जागा आहे.

निशिगंध_ऐरोली

झाला फोन. टाकलेली नाहीत. आई पोचली, बाटल्या तिच्याकडे दिल्यात, डोस चिठ्ठीप्रमाणेच देणार. न्यूरॉलॉजिस्टची बुधवारची वेळ मिळालीये, दोन्ही मुलांना घेऊन जातोय.